टायर बदलला की काटा का चुकतो : चाकाच्या फेऱ्यांचा जुना हिशेब

गाडीला कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठे टायर बसवले की स्पीडोमीटरचा काटा पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवायला लागतो आणि त्याच वेगाला इंजिन जरा सावकाश फिरतं. दोन्हीचं मूळ एकच आहे. स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. तो फेरे मोजतो आणि दर फेऱ्याला गाडी अमुक इतकी पुढे जाते असं धरून चालतो. ते ‘अमुक इतकं’ म्हणजे टायरचा परीघ.

हा हिशेब मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविद विट्रुव्हियसने अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन करून ठेवलं आहे. चाकाच्या एका फेऱ्याला साडेबारा फूट, म्हणजे 400 फेऱ्यांना 5000 फूट, म्हणजेच एक रोमन मैल. मैल पुरा झाला की दातेरी चाकं फिरून एक खडा भांड्यात पडायचा. संध्याकाळी खडे मोजायचे.

मला त्याहून जवळची वाटते ती 1847 सालची गोष्ट. अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तांड्यात विल्यम क्लेटन रोजच्या अंतराची नोंद ठेवत होता, पण आज किती चाललो यावर रोज वाद. मग त्याने एका बैलगाडीचं चाक मापलं : परीघ 14 फूट 8 इंच. म्हणजे एका मैलाला बरोबर 360 फेरे. आणि 8 मे रोजी तो दिवसभर त्या चाकाबरोबर चालत फेरे मोजत राहिला. 4070 भरले, म्हणजे सव्वाअकरा मैलांच्या किंचित वर. बाकीचे कोणी 13 म्हणत होते, कोणी 14. काही दिवसांतच तांड्यातल्याच ऑर्सन प्रॅटच्या आराखड्यावरून दातेरी चाकांचं लाकडी यंत्र तयार झालं आणि क्लेटनचे पाय सुटले.

क्लेटनचं चाक लाकूड-लोखंडाचं होतं, त्याचा परीघ एका दिवसात बदलणारा नव्हता. 1888 साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि हिशेबातला पक्का आकडा ढिला झाला. आता तो हवेवर, ओझ्यावर आणि झिजेवर हलायला लागला. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. ती 1.6 वर आली की व्यास जवळजवळ 13 मिलिमीटरने घटलेला असतो.

मोटारींमध्ये वर्षानुवर्षं चाललेली स्पीडोमीटरची रचना ऑटो शुल्झेच्या 1902 सालच्या पेटंटमधून आली. गिअरबॉक्सकडून फिरती केबल येते, तिच्या टोकाला लोहचुंबक. त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि मागे ओढणारी बारीक स्प्रिंग. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. फार सुंदर यंत्रणा, पण तिलाही कळतात ते फक्त केबलचे फेरे. म्हणून टायरचं माप बदललं की जाणते मेकॅनिक केबलला फिरवणारं छोटं गिअर कमी-जास्त दात्यांचं बसवत. आजच्या गाडीत केबलऐवजी सेन्सर आहे आणि दात्यांऐवजी संगणकात भरलेला आकडा.

टायरवरच्या मापानेही गोंधळ वाढवला. फोर्ड मॉडेल टीच्या टायरवर 30×3½ असं लिहिलेलं असे. त्यातला 30 म्हणजे इंचांत पूर्ण व्यास, एकदम सरळ. पुढे 6.00-16 सारखी मापं आली, त्यात रुंदी आणि रिम उरले, उंची गायब. आजच्या 185/65 R15 मध्ये ती परत आली, पण टक्केवारीत लपून : रुंदी 185 मिलिमीटर आणि टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के. म्हणजे 120.25 मिलिमीटर, दोन्ही बाजूंची मिळून 240.5. त्यात 15 इंची रिमचे 381 मिळवा, व्यास 621.5.

इथेच लोक फसतात. 205/65 R15 घेताना वाटतं, टायर फक्त रुंद होतोय. पण 65 टक्के आता 205 चे, त्यामुळे व्यास 647.5 होतो, चार टक्क्यांहून जास्त. मूळ टायरवर काटा अचूक होता असं धरलं, तर आता काटा 100 वर असताना गाडी 104 ने पळतेय. उलट 16 इंची रिमवरचा 195/55 डोळ्यांना मोठा वाटतो, पण त्याचा व्यास 620.9, मूळ टायरएवढाच.

इंजिनाचंही त्याच आकड्यांत बघा. टॉप गिअरला इंजिनाचे साडेतीन फेरे म्हणजे चाकाचा एक, असं धरलं तर खऱ्या 100 च्या वेगाला मूळ टायरवर साधारण 2990 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), मोठ्यावर 2870. ऐकायला छान, पण चाकाचा हात, म्हणजे आसापासून रस्त्यापर्यंतचं अंतर, लांबला की ओढ त्याच प्रमाणात घटते आणि चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो. मायलेज घटल्याची तक्रारही पुष्कळदा इथूनच येते. किलोमीटरही चार टक्के कमी मोजले जातात, मग गाडीने काही जास्त न पिताही भागाकार खाली येतो. एक मात्र बदलत नाही : एका गिअरमध्ये आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा यांची जोडी. दोघं टायरच्या अलीकडचं मोजतात, त्यामुळे नुसते काटे बघून चूक सापडत नाही.

जुन्या मोटरसायकलींचा प्रकार आणखी मजेशीर. बऱ्याच गाड्यांत केबल पुढच्या चाकाला असे. मागचा टायर बदलला तर इंजिनाचे फेरे बदलत, वेगाचा काटा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक ताशी 4 किलोमीटरपर्यंत. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर ती राखीव जागा खातो आणि नियमाच्या पलीकडेही जाऊ शकतो.

याच चुकीचा पुढे चांगला उपयोग झाला. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्या तिघांपेक्षा जोरात फिरतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर हा फरक पकडतात आणि अनेक गाड्यांत तेवढ्यावरच हवेचा पिवळा दिवा लागतो. नवे टायर घातले की तिथलं रिसेटचं बटण आधी दाबावं लागतं. मग काही किलोमीटर गाडी चालते, आणि चारही चाकं आता कशी फिरतात ते संगणक नव्याने शिकून घेतो.