शिट्टी मैदानात आली कशी : पेठांच्या गावातला रेफरी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच लागली की दोन्हीकडची पब्लिक एकाच गोष्टीवर एकमत असते, रेफरी चुकला. मी पण घसा बसेपर्यंत ओरडलोय, नाही कशाला म्हणू. पण ज्याच्यावर अख्खं गाव तुटून पडतं तो माणूस मुळात मैदानात नव्हताच.

१८६३ ला लंडनमध्ये फुटबॉलचे नियम लिहिले गेले त्यात रेफरीचा पत्ताच नाही. चांगल्या घरची माणसं खेळणार, भांडण झालं तर दोन्ही कॅप्टन मिटवणार असा हिशोब (हे काम पेठेतल्या दोन कॅप्टनना देऊन बघा एकदा). ते काय जमेना, मग प्रत्येक टीम आपापला अंपायर आणायला लागली, आता आपला माणूस आपल्याच बाजूनं बोलणार की, मग त्या दोघांचं जुळलं नाही तर बाहेर थांबलेल्या तिसऱ्याकडं प्रकरण 'रेफर' करायचं, तो रेफरी. १८९१ ला त्याला आत घेतला, दोन्ही अंपायर रेषेवर गेले आणि लाइनमन झाले. पेनल्टीचा नियम पण त्याच वर्षीचा.

कार्डाची गोष्ट तर लईच भारी. १९६२ च्या वर्ल्डकपला चिली-इटली मॅचमध्ये फुटबॉल कमी आणि लाथाबुक्क्या जास्त झाल्या, रेफरी होता इंग्लंडचा केन अॅस्टन. चार वर्षांनी इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये जर्मन रेफरीनं अर्जेंटिनाच्या कॅप्टनला, रातीनला, बाहेर काढलं तर गडी जायलाच तयार नाही, ह्याची भाषा त्याला कळेना आणि त्याची ह्याला. अॅस्टन तेव्हा रेफरींचा प्रमुख होता. गाडीतनं जाताना सिग्नलला थांबला आणि तिथं डोक्यात आलं, पिवळा म्हणजे सबुरीनं घे, लाल म्हणजे थांब. १९७० च्या वर्ल्डकपला कार्डं आली, पण लाल तेव्हा एकदाही निघालं नाही, वर्ल्डकपमधलं पहिलं लाल १९७४ ला निघालं आणि तेही चिलीच्याच खेळाडूला, कास्झेलीला.

म्हणजे रेफरीच्या खिशातली वस्तू बघा, मागं कुठलं ना कुठलं भांडण आहेच.

आता आपल्याकडं. इथला फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढलाय, टीमची नावंच बघा की, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. आणि कुस्तीत आपल्याला लागते निकाली, पाठ टेकली की खासबागच्या कुस्ती मैदानात शेवटच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यालाही दिसतं, पंचाला विचारायची गरज नाही. गुणावर कुस्ती सुटली की पब्लिक नाराज. ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना आपला गडी समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असणं, तसा दिसत नाही ना. पास पायातनं सुटला त्या क्षणी कोण कुठं होता हे रेषेत उभ्या असलेल्या एकट्या लाइनमनला दिसतं (१९९६ पासून नियमात तो असिस्टंट रेफरी, पण आपण लाइनमनच म्हणतो), बाकी हजारोंना दिसतो तो फक्त रद्द झालेला गोल. माझ्या मते निम्मी बोंबाबोंब इथनंच येते. निम्मी पेठेची ईर्ष्या, ती सांगायला नको.

तरीपण पोरं ह्यात उतरतात. अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला तेव्हापासून प्रत्येक घरात एक फॉरवर्ड तयार होतोय, पण सगळ्यांना टीम कुठली मिळणार. आमच्या गल्लीतला एकजण गुडघा गेल्यावर रेफरीच्या परीक्षेला बसला. त्याचं टार्गेट थेट फिफाचा बॅज, म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅचचा रेफरी. सोपं नाही, जिल्हा, राज्य, नॅशनल असं वर चढायचं, शिवाय बॅजसाठी वय किमान २५ लागतं. फिफाच्या टेस्टला ४० मीटरच्या ६ स्प्रिंट, प्रत्येक ६ सेकंदात, आणि मग ७५ मीटर १५ सेकंदात पळ, २५ मीटर चाल, असं ४० वेळा. भारतातनं वर्ल्डकपला पहिला गेला तो तमिळनाडूचा कोमलेश्वरन, २००२ ला, तोपण लाइनवर. मेन रेफरी म्हणून पुरुषांच्या वर्ल्डकपला अजून आपला कोणी नाही.

हे सांगितलं की आमच्या गल्लीतलं ते पोरगं म्हणतं, मग जागा रिकामीच आहे की. आत्ता २३ चं आहे, पोलीस भरतीचंपण बघतंय, पळणं दोन्हीकडं चालतं म्हणतंय.