ग्रिलचं टेबल आणि ग्रिलची ट्रॉली: फरक फक्त चाकांचा नाही

कोळशाच्या ग्रिलसाठी लाकडी बैठक करायची ठरली की दोन्ही नकाशे सारखेच दिसतात: चार पाय, वर भोक पाडलेल्या फळ्या, खाली ग्रिल ठेवायचा कप्पा. मग कुणीतरी म्हणतं, आता टेबल करू, चाकं पुढे लावू. गफलत इथेच होते. टेबलावर भार येतो तो वरून खाली. ट्रॉलीला त्याशिवाय आडवा हिसका बसतो, दर वेळी हलवताना.

आधी वजन मांडू. ४५ सेंमी जाळीचं सिरॅमिकचं अंडाकृती ग्रिल ७० किलोच्या पुढे जातं. त्याखालची ४० × ४० × ५ सेंमीची काँक्रीटची फरशी सुमारे १८ किलो, लाकूड ५०च्या आसपास, वरचं सामान वेगळं. म्हणजे दीडशे किलो धरायचेच.

टेबलाला हे सोपं जातं. ९० × ९० मिमीच्या पायात खाच घ्या आणि आडवी पट्टी त्या खाचेत बसवा, म्हणजे वजन लाकडावर टेकतं आणि बोल्ट फक्त धरून ठेवतो. खाच न घेता पट्टी नुसती बोल्टवर लटकवली, तर भोक हळूहळू लांबट होतं. टेबलाचा खरा शत्रू ओल. पायाचं कापलेलं टोक पाणी शोषून घेतं आणि कूज तिथून चढते. त्या टोकाला इपॉक्सीचे दोन हात द्या आणि खाली उंची कमी-जास्त करता येणारे धातूचे पाय बसवा. जमीन असमान असली तरी टेबल डुगडुगत नाही.

ट्रॉलीचं दुखणं वेगळं. चाक फरशीच्या फटीत अडकतं, वरचा भाग पुढे जातो, पाय मागे राहतो. चाकाचे स्क्रू पायाच्या कापलेल्या टोकात पिळलेले असतील तर ते लाकडाच्या रेषांना समांतर घुसलेले असतात. तिथे पकड कमी असते, आणि अशा दोन-चार हिसक्यांत पाय रेषेवरच उभा चिरतो. शिवाय १०० मिमी चाकाची पट्टी, म्हणजे चाकावरचा स्क्रूच्या भोकांचा धातूचा पत्रा, बऱ्याचदा पायापेक्षा रुंद निघते, कडेची भोकं अधांतरी राहतात. म्हणून चाकं पायांना लावूच नयेत. तळाला ९० × ९० मिमीची आडवी चौकट करा, पाय तिच्यावर उभे करा आणि चाकाची पट्टी चौकटीला खालून आरपार बोल्टने आवळा. वर वॉशर हवाच. दोन बाजू आणि मागची बाजू यांत तिरकी पट्टी द्या, नाहीतर सांधे महिन्यांत खिळखिळे होतात. समोरची बाजू मोकळी राहिली तरी चालतं.

चाकांची क्षमता ठरवताना एकूण वजनाला चारने नाही, तीनने भागा. ओबडधोबड जमिनीवर एक चाक बहुतेक वेळा हवेतच असतं. दीडशेला तीनने भागलं की ५०, म्हणून ७५ किलोचं चाक घ्या. १०० मिमी चाकाने उंची सुमारे १३ सेंमीने वाढते. ती पायांतून वजा केली नाही तर ८५ सेंमीचं टेबल ९८ सेंमीची ट्रॉली होतं आणि पेटत्या कोळशावरून हात उंच उचलावा लागतो. मऊ मातीत आणि उतारावर ट्रॉली नकोच: मातीत चाक रुततं, आणि उतारावर दीडशे किलो फक्त ब्रेकच्या भरवशावर ठेवू नये. तिथे टेबल.

उष्णतेचे नियम मात्र दोन्हींना एकच. ग्रिल थेट लाकडावर कधीच ठेवू नका. फरशी आणि तिच्यावर निर्मात्याने दिलेली पायठणी (ग्रिल टेकवायची छोटी बैठक), दोन्ही लागतात, कारण खालच्या झडपेतून निखारा पडतो आणि तळाशी हवा खेळावी लागते. भोक ग्रिलच्या सर्वांत रुंद भागापेक्षा सगळीकडून किमान २५ मिमी मोठं हवं. निर्मात्याने जास्त सांगितलं असेल तर तेवढं. मागचा बिजागर या मापात धरायला विसरू नका. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, त्यामुळे गोल भोक कालांतराने थोडं लंबगोल होतं. फळ्यांमध्ये ५ मिमी फट सोडा. भोकाच्या कडेला व्हार्निश फुगून सुटतं, तेलच लावा.

ग्रिल सगळ्यांत शेवटी चढवा. त्याआधी रिकामी ट्रॉली वरच्या कोपऱ्याला धरून आडवी ढकलून बघा. सांधा करकरला तर तिरकी पट्टी कुठेतरी सैल आहे.