शिवडीचा चिखल आणि पक्ष्यांच्या नोंदी

शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलाचं, म्हणजे आजच्या अटल सेतूचं, काम २०१८ मध्ये सुरू झालं. २१.८ किलोमीटर लांबीच्या या पुलाचं मुंबईकडचं टोक शिवडीच्या चिखलाट किनाऱ्याशी आहे आणि १९९०च्या दशकापासून तिथे फ्लेमिंगोंचे मोठे थवे उतरत आले आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) २०१८ मध्येच, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) निधीतून, फ्लेमिंगो आणि इतर पाणपक्ष्यांचा दहा वर्षांचा अभ्यास हाती घेतला. एका बांधकामासाठी दहा वर्षं पक्षी मोजायचे, हे अनेकांना जास्त वाटलं. मला ते मुळीच जास्त वाटत नाही.

त्यासाठी वेल्समधल्या कार्डिफकडे बघावं लागतं. तिथल्या उपसागराच्या तोंडाशी धरण बांधताना पक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. नायल बर्टन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्या मांडल्या, तेव्हा कामाला लागून असलेल्या चिखलावर ऑयस्टरकॅचर, डनलिन, कर्ल्यू, रेडशँक आणि टील या पाच पाणपक्षी जातींची संख्या घटल्याचं दिसलं. काही ठिकाणी पक्षी हजर होते, पण त्यांचं खाणं कमी झालं होतं. नुसती डोकी मोजली असती तर हे कळलंच नसतं.

पुढचा भाग जास्त चटका लावणारा आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये धरणाने भरती-ओहोटी थांबवली आणि चिखल कायमचा पाण्याखाली गेला. तिथले रेडशँक शेजारच्या खाड्यांत गेले. पक्षी 'दुसरीकडे गेले' म्हणून विषय संपवता आला असता. पण त्यांच्या पायांत रंगीत कडी होती, म्हणून एकेक पक्षी पुन्हा ओळखता आला. त्यांचा वर्षभर जगण्याचा दर ०.८४६ वरून ०.७७८ वर आला होता, म्हणजे मृत्यूचं प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढलं होतं.

'पक्षी उडाले नाहीत, म्हणजे त्यांना त्रास नाही' हा समजही याच काळात मोडला. २००१ मध्ये जेनिफर गिल यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं, की जायला दुसरी जागा नसलेला पक्षी त्रास सोसूनही तिथेच थांबतो. २००४ मध्ये कॉलिन बील आणि पॅट मोनाहन यांनी टर्नस्टोन या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना जादा खाद्य घालून पाहिलं. ज्यांचं पोट भरलेलं होतं, ते माणूस लांब असतानाच उडाले. उपाशी पक्ष्याला उडणं परवडत नाही.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हंबर खाडीसारख्या ठिकाणांसाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हा आवाज पक्ष्यापाशी किती डेसिबल पोहोचतो याला महत्त्व आलं. सतत चालणाऱ्या घरघरीपेक्षा अचानक होणारा दणका वाईट, आणि यंत्रापेक्षा चिखलाजवळ चालत आलेला माणूस पक्ष्यांना जास्त बिथरवतो. त्यामुळे पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत रोवण्याचं काम, कधी करायचं आणि आडोसा कुठे उभारायचा, हे आकड्यांवरून ठरवता येतं.

आपल्याकडे मोजणीची परंपरा जुनी आहे. सलीम अली यांच्या पुढाकाराने बीएनएचएसने १९५९ मध्ये पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला, तर आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. शिवडीत मोजणी करायची तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात हवं. ओहोटीला फ्लेमिंगो चिखलावर पसरून चरतात. मोजणारा दुर्बिणीतून थव्याचा एक तुकडा मोजतो आणि त्या मापाने बाकीचा थवा अजमावतो. भरती आली की तोच थवा भांडुप पंपिंग स्टेशन किंवा नेरूळच्या पाणथळींकडे सरकतो. भरतीची वेळ न लिहिता नोंदवलेल्या संख्येवरून कामाचा परिणाम सांगता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे जीपीएस टॅग बसवले गेले. तीन मोठा फ्लेमिंगो या जातीचे, तीन लहान फ्लेमिंगो या जातीचे. एकाला पक्षीतज्ज्ञ हुमायूँ अब्दुलाली यांचं नाव दिलं होतं. तो पुढे गुजरातेत भावनगरकडे गेला. हाताने मोजलेल्या थव्यात एकटा पक्षी असा हाती लागत नाही.

पुलाच्या शिवडीकडच्या भागात ध्वनिरोधक बसवले गेले आणि १२ जानेवारी २०२४ला पुलाचं उद्घाटन झालं. नोंदींचं काम मात्र २०२८पर्यंतचं आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी त्यातच आहे. शिवडीत आज किती फ्लेमिंगो दिसतात, एवढ्यावर निकाल देऊ नये. भरतीला ते जिथे विसावतात त्या नेरूळच्या पाणथळी सुकल्या किंवा बुजवल्या, तर पुलावरच्या ध्वनिरोधकांनी काहीच साधणार नाही.