फाइलीच्या पहिल्या दोन चिन्हांत काय असतं?

फाइलीच्या नावापुढे ‘डॉट पीवाय’ आहे म्हणून ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चालते, असा समज बराच पसरलेला आहे. लिनक्सवर थेट फाइलच चालवायला सांगितली, तर कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या शेपटाकडे ढुंकूनही बघत नाही. तो फाइलीचा आरंभ वाचतो. पहिले दोन बाइट ३५ आणि ३३ असले, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्ह, की त्याच ओळीत पुढे लिहिलेला प्रोग्राम सुरू करून तो फाइलीचा पत्ता त्याच्या हाती देतो. डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये बेल लॅब्जमध्ये जाहीर केलेली ही सोय आजही तितकीच देखणी वाटते!

एक खोच मात्र आहे. प्रोग्रामच्या नावापुढे कितीही शब्द लिहा, लिनक्स ते सगळे मिळून एकच शब्द समजतो. ‘एन्व्ह’ हा नावावरून प्रोग्राम शोधून सुरू करणारा छोटा प्रोग्राम, आणि ‘यूव्ही’ हे पायथनच्या फाइली चालवणारं साधन. ‘एन्व्ह’ला ‘यूव्ही रन’ चालवायला सांगितलं, तर तो मधल्या रिकाम्या जागेसकट ‘यूव्ही रन’ याच नावाचा प्रोग्राम शोधतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून थांबतो. त्यासाठी ‘एन्व्ह’ला डॅश आणि कॅपिटल एस हा पर्याय द्यायचा, मग तो शब्द सुटे करतो.

फाइलीला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचं, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचं, काय? पायथनच्या पीईपी ७२३ या प्रस्तावाने तेही सोडवलं. हॅशने सुरू होणारी ओळ पायथनसाठी निव्वळ टीप असते. त्याच टिपांत, ठरलेल्या खुणांच्या मध्ये, पायथनची किमान आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या लिहायच्या. पायथन त्या ओळी सोडून देतो, ‘यूव्ही’ त्या वाचतो आणि त्या लायब्रऱ्या घेऊन या फाइलीपुरतं वेगळं वातावरण उभं करतो. बिघडलं की पायथन पुन्हा इन्स्टॉल करायचं, ही अंधश्रद्धाच आहे. बहुतेकदा एखादी लायब्ररी नसते किंवा भलत्याच आवृत्तीची असते.

‘एक फाइल, कुठेही चालते’ ही जाहिरातबाजीही मला पटत नाही. समोरच्याकडे ‘यूव्ही’ हवाच, पहिल्या खेपेला बहुधा इंटरनेटही हवं. लायब्ररीचं नुसतं नाव लिहिलंत, तर आज एक आवृत्ती येईल, वर्षभराने दुसरी. म्हणून आवृत्तीचा आकडा लिहाच. आणि विंडोजवर कमांड लाइनला ही पहिली ओळ कळत नाही. तिथे ‘यूव्ही रन’ आणि पुढे फाइलीचं नाव, असं स्वतः टाइप करावं लागतं.