शिंक येण्याआधी आवळायचं

शिंक आली, ठसका लागला, भरलेली बादली उचलली की दोन थेंब लघवी सुटते. बाळंतपणानंतर आणि पाळी थांबल्यावर हे इतक्या जणींना होतं की ‘वयाचंच आहे’ म्हणून विषय तिथेच मिटतो. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. पोटातला दाब अचानक वाढला की तिने मूत्रमार्गाला खालून आधार द्यायचा असतो. झोळी सैल पडली किंवा उशिरा आवळली, की थेंब निसटतो.

या स्नायूंचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली मांडला. केगेलचं नाव आता बहुतेकींनी ऐकलेलं असतं, पण व्यायाम चुकतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 47 बायकांना तो थोडक्यात तोंडी समजावून लगेच तपासलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना नीट जमला. साधारण चौथाई जणी उलट खाली जोर देत होत्या, शौचाला कुंथावं तसा! अशाने गळती वाढण्याचीच भीती.

पाठीवर झोपून गुडघे दुमडा. गॅस अडवताना गुदद्वार आवळतो तसं आवळा आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. आरसा धरला तर योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत आणि वर गेलेली दिसते. ती बाहेर फुगली तर जोर उलटा लागतोय. मांड्या आणि कुल्ले ढिले ठेवा, श्वास चालू द्या. सुरुवातीला 2-3 सेकंद धरता आलं तरी पुष्कळ. हळूहळू 6-8 सेकंदांपर्यंत न्या. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ पूर्ण सोडा, कारण न सोडलेला स्नायू पुढच्या वेळी आवळत नाही. असं 8 ते 12 वेळा, शेवटी 3-4 झटपट आवळण्या, दिवसातून तीनदा. पुढे हेच बसून, मग उभं राहून करा. लघवीची धार मध्येच अडवून सराव करू नका. मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

ताकदीइतकीच वेळ महत्त्वाची. नाक हुळहुळलं की आधी आवळा, मग शिंका. बादलीला हात घालतानाही तेच.

आता याच तक्रारीवर दिल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या उपचारांबद्दल. ‘लेझर’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळे उपचार विकले जातात. एक म्हणजे कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम लेझर. हे योनीच्या आतल्या अस्तराला मुद्दाम उष्णता देतं. त्याने भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं असे धोके असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) जुलै 2018 मध्ये दिला. कोणता उपचार कधी वापरावा याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्ये लघवी सुटण्यावर हा उपचार फक्त संशोधनापुरताच वापरावा असं सांगितलं.

दुसरा थंड प्रकाश: साधारण 630 ते 660 नॅनोमीटरचा लाल, किंवा 800 ते 850 चा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. पेशींतल्या मायटोकाँड्रियातलं (ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं) एक एन्झाइम तो शोषून घेतं आणि ऊर्जा तयार होण्याचा वेग वाढतो, अशी त्यामागची कल्पना. म्हणून व्यायामाच्या जरा आधी प्रकाश दिला तर स्नायू उशिरा थकेल, ही अपेक्षा. अडचण खोलीची आहे. त्वचा आणि चरबी बराच प्रकाश वाटेतच गिळतात, ओटीपोटावर दिवा धरून तळाच्या स्नायूंपर्यंत फारसं काही पोचत नाही. मात्रेचंही तसंच: 100 मिलिवॅटचा दिवा 30 सेकंद धरला तर 3 जूल मिळतात, पण वेळ दुप्पट केला म्हणून गुण दुप्पट येत नाही, जास्त मात्रेत परिणाम उलट कमी होतो. लघवी सुटण्यावरचा पुरावा अजून तोकडा आहे. व्यायाम सोडून फक्त प्रकाशाच्या उपचाराची पॅकेजं घेण्यात अर्थ नाही. घ्यायचाच झाला, तर यंत्र किती नॅनोमीटरचं आणि किती वॅटचं हे आधी विचारा. गरोदरपणात किंवा त्या भागात कर्करोग असल्यास टाळा.

व्यायामाचा हिशेब तीन महिन्यांनी मांडा, आठवड्याने नव्हे. लघवीत रक्त, जळजळ, लघवी तुंबणं किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर मात्र तीन महिने न थांबता आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.