बोटांना कळणारी वाळू

"मामा, डोळे मीट आणि स्टिक पुढे ढकलत राहा. मी सांगेन तेव्हाच वळ," भाचीने बजावलं. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा व्हिडिओ गेमचा कन्सोल घरात येऊन तिसराच दिवस होता. पडद्यावर अ‍ॅस्ट्रो नावाचा चिमुकला रोबोट चालत होता आणि त्याच्या पायांखाली काय आहे ते मला न बघता ओळखायचं होतं. पहिल्यांदा वाळू निघाली, मी बरोबर सांगितलं. पुढे काहीतरी कडक, टकटक वाजणारं आलं. "धातू," मी म्हणालो. तेही जमलं. हातात मात्र सगळा वेळ तेच गुळगुळीत पांढरं प्लास्टिक होतं.

हा खेळ कन्सोलमध्ये आधीपासून भरलेला येतो आणि हातात धरून खेळायच्या नव्या कंट्रोलरची, म्हणजे ड्युअलसेन्सची, ओळख करून देणं हे त्याचं मुख्य काम. नव्या कन्सोलबद्दल बोलताना लोक चित्रांच्या झळाळीबद्दल बोलतात. माझ्या मते या यंत्रातली खरी नवलाई तळहातात आहे.

थरथरणारे कंट्रोलर काही नवे नाहीत. १९९७ मध्ये जपानात आलेल्या ड्युअलशॉक या प्लेस्टेशनच्याच कंट्रोलरमध्ये दोन छोट्या मोटरी होत्या आणि त्यांच्या दांड्यांवर एका बाजूला झुकलेली वजनं. मोटर फिरली की वजन हिसके देतं. वॉशिंग मशीनमध्ये ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ते कसं थडथडतं, तोच प्रकार. पण या युक्तीला एक जन्मजात मर्यादा आहे. हिसक्याचा जोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कंप जलद हवे असतील तर ते जोरदारच येणार, आणि हलके हवे असतील तर संथच. भरभर पण अलगद अशी थरथर त्या मोटरीला जमतच नाही. शिवाय वजन वेग घेणार आणि मग थांबणार, त्यात वेळ जातो. म्हणून पाऊल, स्फोट, टक्कर सगळ्यांचा अनुभव एकच: घर्रर्र.

ड्युअलसेन्सच्या दोन्ही मुठींत त्या मोटरींच्या जागी वेगळी यंत्रणा बसवली आहे. चुंबक आणि तारेचं वेटोळं, म्हणजे लाऊडस्पीकरचंच तत्त्व. स्पीकरमध्ये वेटोळं कागदाचा पडदा हलवतं, इथे ते एक वजन मागेपुढे हलवतं. वीजप्रवाहाची लहर जशी असेल तशी हालचाल होते, त्यामुळे कंपांची गती आणि जोर वेगवेगळे ठरवता येतात. खेळ बनवणारा माणूस आवाज रचतो तसाच आता स्पर्श रचू शकतो. वाळूसाठी बारीक, अनियमित टिचक्यांची गर्दी. धातूसाठी एकच आखूड, लगेच विरणारा ठोका.

हे फसवणं जमतं त्याचं कारण आपली त्वचा. तळहातात आणि बोटांच्या टोकांत कंप टिपणारे दोन प्रकारचे सूक्ष्म संवेदक असतात. माइसनर यांच्या नावाने ओळखले जाणारे संवेदक त्वचेच्या वरच्या थरात असतात आणि सेकंदाला साधारण १० ते ५० संथ कंपांना दाद देतात. पॅचिनी यांच्या नावाचे खोलवर असतात आणि सेकंदाला २५० कंपांच्या आसपास कमालीचे तल्लख असतात. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, अंशाएवढी हालचालही त्यांना कळते. वाळूत बोट फिरवताना वाळूचं "वाळूपण" मेंदूला बरंचसं अशा कंपांतूनच कळतं. तेच कंप मुठीतून दिले की मेंदू उरलेलं चित्र स्वतः भरतो.

मग भाचीने एक गंमत केली. कंट्रोलरमध्ये छोटा स्पीकरही आहे, तो तिने बंद केला. माझा निकाल घसरला. काच आणि बर्फ यांत मी दोनदा चुकलो. म्हणजे मी जे बोटांचं कसब समजत होतो त्यात कानांचाही वाटा होता. याला शास्त्रीय आधार आहे. फिनलंडमधल्या युस्मॅकी आणि हारी यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की माणूस तळवे एकमेकांवर घासत असताना त्या घासण्याच्या आवाजातल्या उंच पट्ट्या वाढवून ऐकवल्या, की त्याला स्वतःची त्वचा कागदासारखी कोरडी लागते.

तर्जनीखालचे ट्रिगर, म्हणजे बंदुकीच्या चापासारखी दाबायची बटणं, हा आणखी एक प्रकार. प्रत्येकामागे छोटी मोटर आहे आणि ती वर्म गिअर, म्हणजे मळसूत्री दाते, फिरवते. त्या दात्यांनी एक तरफ पुढे सरकते आणि ट्रिगरच्या वाटेत आडवी येते. कुठल्या टप्प्यावर किती अडवायचं हे खेळ ठरवतो. अ‍ॅस्ट्रोला बेडकाच्या पोशाखात उड्या मारायला लावताना स्प्रिंग दाबल्याचा ताण बोटाला खरोखर जाणवतो. मला हे फार आवडलं, पण अर्ध्या तासाने तर्जनी दुखू लागली हेही खरं. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये हा अडसर कमी किंवा बंद करता येतो, आणि ती सोय असायलाच हवी होती. या सगळ्याचं वजनही हातात येतं: प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर सुमारे २१० ग्रॅमचा होता, हा २८० ग्रॅमच्या आसपास आहे.

निराशा झाली ती अंगठ्याने ढकलायच्या स्टिकपाशी. आत अजूनही कार्बनच्या पट्टीवर घासणारा संपर्क आहे, आणि जे घासतं ते झिजतं. मग हात न लावताही पात्र आपोआप सरकू लागतं. चुंबक वापरून न घासता जागा मोजण्याची पद्धत सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलने १९९८ मध्येच वापरली होती.

आता खोक्याबद्दल. जवळपास ३९ सेंटिमीटर उंच आणि साडेचार किलोचा हा कन्सोल टीव्हीशेजारी मावेना. एवढा आकार मुख्यतः उष्णतेसाठी. ऑक्टोबर २०२० मध्ये सोनीच्या यासुहिरो ओतोरी यांनी तो कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवला, तेव्हा १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा आणि मुख्य चिपवरचा द्रवरूप धातू दिसला. चिप आणि उष्णता शोषणारा भाग यांच्यामध्ये सहसा पेस्ट असते. द्रव धातू तिच्यापेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहून नेतो, पण तो वीजही वाहतो, त्यामुळे एक थेंब बाहेर सांडला तरी शॉर्टसर्किटची भीती. त्याला जागेवर बांधून ठेवण्याच्या तयारीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

याचा फायदा मला तापमानात दिसला नाही, कानाला कळला. पंखा जवळजवळ ऐकूच येत नव्हता, म्हणून तर हातातल्या छोट्या स्पीकरची कुजबुज ऐकू येत होती.

शेवटी भाचीने कंट्रोलर घेतला आणि मी तिला डोळे मिटायला लावले. पडद्यावर पाऊस सुरू झाला. ती थोडा वेळ मान तिरकी करून बसली.

"पाऊस," ती म्हणाली. "पण आपल्या पत्र्यावरचा नाही. छत्रीवरचा."