निम्मी भिंत आणि सुटलेले हात

‘बायोप्सी करू नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो’ हा सल्ला देणाऱ्यांचा आत्मविश्वास थक्क करणारा असतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसू लागलेल्या बाईने तो ऐकला, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्यास त्याचे निदान लांबते आणि तेवढा वेळ गाठीला मिळतो.

गर्भाशय म्हणजे जाड स्नायूची पिशवी. तिच्या आतल्या अस्तरात हा कर्करोग सुरू होतो. तो स्नायूत किती खोल उतरला, निम्म्या जाडीच्या अलीकडे की पलीकडे, यावर लसीका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) पोचण्याची शक्यता बरीच ठरते. शस्त्रक्रियेआधी एमआरआयवर याचा अंदाज येतो. पण खोली ही निम्मीच गोष्ट. पेशी कशा उतरल्या, हे त्याहून रंजक आहे.

अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींचे हात धरून असतात. गाठीच्या पुढच्या टोकाशी काही पेशी हे प्रथिन कमी करतात. हात सुटले की त्या चपट्या, फिरत्या होतात आणि वाटेतले कोलॅजेनचे जाळे एन्झाइमने कापत सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या गोल ग्रंथींच्या जागी लांबुळक्या चिरा आणि तुटके पुंजके दिसतात, भोवती सुजल्यासारखी सैल ऊती. या रचनेला ‘मेल्फ’ म्हणतात. एकेकटी पेशी तर दाहाच्या पेशींत अशी मिसळून जाते की तिच्यातले केराटिन हे प्रथिन खास रंगाने रंगवल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टलाही सापडत नाही. गाठ दिसायला सौम्य, पण मेल्फ आढळला की लसीकावाहिन्या आणि लसीका ग्रंथी दोन्ही बारकाईने पाहाव्या लागतात.

उलटा चकवाही असतो. अ‍ॅडेनोमायोसिस या कर्करोग नसलेल्या विकारात अस्तराची बेटे आधीपासूनच स्नायूत असतात. कर्करोग त्या बेटात दिसला, तर तो खोल गेल्याचा भास होतो; प्रत्यक्षात त्याने भिंत फोडलेलीच नसते.

2013 मध्ये जनुकांवरून या कर्करोगाचे चार गट पाडले गेले. त्यातल्या एका गटात डीएनएची नक्कल तपासणारे पोल-ई हे एन्झाइम बिघडलेले असते. उत्परिवर्तने बेसुमार, पेशी दिसायला भयंकर, तरी रोग क्वचितच परततो. पी-53 हे गाठींना आवर घालणारे जनुक बिघडलेल्या गटाची चाल नेमकी उलटी. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2023 च्या वर्गीकरणात ही जनुकीय माहितीही आली. ‘एआय एका फोटोवरून सगळे सांगेल’ म्हणणाऱ्यांनी अ‍ॅडेनोमायोसिसची ती बेटे एकदा पाहावीत.

आणि अंदाज कितीही चांगला असो, शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या मुखाशी हिरवा रंग टोचून जी लसीका ग्रंथी आधी उजळते ती काढतात, तिच्या पातळ चकत्या करतात, आणि त्यांत पुन्हा त्या हात सुटलेल्या पेशी शोधतात.